‘टक्’ होतं, पण गाडी उचलत नाही: नवा सेल्फ घेण्याआधी जुना उघडून पाहा

चावी फिरवली की एकच ‘टक्’, पुढे काही नाही. पुन्हा फिरवा, पुन्हा टक्. चौथ्या-पाचव्या खेपेला सेल्फ (इंजिन सुरू करून देणारी मोटर) असा फिरतो की जणू काही झालंच नव्हतं. सकाळी थंड इंजिनाला त्रास नाही, पण वीस किलोमीटर जाऊन पेट्रोल भरायला गाडी बंद केली की ती परत चालू होईल याची खात्री नाही. गॅरेजला नेली की काहीतरी बदलून मिळतं, चार-सहा महिने बरे जातात आणि दुखणं परत येतं.

आमच्या २००६ सालच्या मारुती ८०० ला हे चौदा महिन्यांत तीन वेळा झालं. पहिल्यांदा कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला टेकून करंट देणारे ठोकळे, बदलले. दुसऱ्यांदा नवा सोलेनॉइड बसवला. तिसऱ्यांदा गॅरेजवाल्याने पूर्ण नवा सेल्फ टाकायला सांगितलं, तेव्हा मी गाडी घरी आणली आणि दोन रविवार घालून सेल्फ स्वतः उघडला. त्यात टाकून देण्यासारखं फारच थोडं निघालं. आणि तीन वेळा तो ज्यामुळे मेला होता, ते कारण सेल्फच्या आत नव्हतंच. ज्यांचा सेल्फ असाच पुन्हा पुन्हा मरतो आहे त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितो आहे. उदाहरण ८०० चं असलं तरी ओम्नी, झेन, सँट्रो, इंडिका, कुठल्याही जुन्या गाडीचं तत्त्व हेच.

आधी आवाज ऐका

सेल्फवर बसलेला जो छोटा दंडगोल असतो, तो सोलेनॉइड. त्याची कामं दोन. काटा ओढून पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या, दात्यांत ढकलायचं, आणि ते बसलं की आतली तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर दाबून बॅटरीचा करंट मोटरला द्यायचा. ‘टक्’ हा आवाज त्याच्या दांड्याचा. म्हणजे टक् आलं तर चावीचा स्विच, बारीक वायर आणि सोलेनॉइडची कॉइल निदान जिवंत आहेत.

आता हेडलाइट लावून कुणाला तरी समोर उभं करा आणि चावी मारा. लाइट एकदम मिणमिणले तर बॅटरी कमकुवत आहे, तिची टर्मिनलं खराब आहेत किंवा सेल्फ आतून जाम होऊन भरमसाट करंट ओढतो आहे. लाइट तसेच लख्ख राहिले आणि टक् आलं, तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाही. मग संशय सोलेनॉइडच्या जळलेल्या कॉन्टॅक्टवर, कार्बनवर किंवा इंजिनाच्या अर्थिंगवर. लाइट लख्ख आणि टक् सुद्धा नाही, तर बारीक वायरचा लग (टोकाची कडी), चावीचा स्विच, नाहीतर संपलेले कार्बन. कार्बनचं नाव इथे का आलं ते सांगतो. सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात आणि त्यातली ओढणारी कॉइल आपलं अर्थिंग मोटरमधून, म्हणजे कार्बनमधूनच घेते. कार्बन पूर्ण सुटले की ती ओढतच नाही. हे माहीत नसल्याने कित्येक चांगले सोलेनॉइड भंगारात जातात.

‘टक्-टक्-टक्-टक्’ अशी लडी लागली तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. सोलेनॉइड ओढतो, मोटरला करंट जातो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत चढतं, आणि हे फिरत राहतं. नुसता ‘घुईंऽऽ’ आवाज येऊन इंजिन हललं नाही तर बेंडिक्सचा, म्हणजे पिनियन ज्यावर बसतं त्या जोडणीचा, वन-वे क्लच घसरतो आहे. खरखर आली तर दाते पाहा.

दात्यांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हे दुखणंही येऊन-जाऊन असतं आणि फसवतं. इंजिन बंद होताना कुठल्याही कोनात थांबत नाही. पुढच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन आडवं येतं तिथेच थांबतं. ८०० च्या तीन सिलिंडरच्या इंजिनाला अशा जागा तीन, चार सिलिंडरला दोन. त्यामुळे रिंग गिअरचे, म्हणजे फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्याचे, दाते त्याच ठराविक जागी झिजतात. सेल्फ उचलत नसताना गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून वीतभर पुढे ढकलली आणि मग न्यूट्रलला उचलला, तर दोष दात्यांचा किंवा अडकलेल्या पिनियनचा धरा. पुढे कधी क्लचच्या कामाला गिअरबॉक्स उतरेल तेव्हा रिंग गरम करून काढता येते आणि थोडी फिरवून बसवली की झिजलेल्या जागी चांगले दाते येतात. तीन सिलिंडरला ती साठ अंश फिरवायची.

सेल्फला पाना लावण्याआधी तारा मोजा

खरं काम इथेच आहे आणि गॅरेजमध्ये हेच कुणी करत नाही. माझ्या गाडीचंही तीनही वेळा केलं गेलं नाही.

छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो. वाटेत कुठे फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असेल तर तिथे एक व्होल्ट खाल्ला जातो. अशा तीन जागा असल्या की बारापैकी तीन व्होल्ट वाटेतच गेले. आणि ०.०१ ओहम साध्या मल्टिमीटरला दिसतच नाही. वायरच्या शंभर तारांपैकी नव्वद सडल्या तरी उरलेल्या दहांवर मीटर ‘बीप’ वाजवतो आणि आपण वायर चांगली म्हणून पुढे जातो. म्हणून वायर मोजायची ती सेल्फ फिरत असताना, आणि ओहममध्ये नाही तर व्होल्टमध्ये.

गाडी न्यूट्रलला, हॅन्डब्रेक लावलेला. इंजिन चालू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढा. कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर इग्निशन कॉइलची बारीक वायर सोडा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. भाच्याला आत बसवलं, “मामा, मारू?” असं विचारूनच चावी मारायची असं ठरवलं, आणि पाच सेकंदांच्या वर एकदाही नाही.

पहिलं माप बॅटरीच्या दोन खुंटांवर. बंद गाडीला, रात्रभर उभी असताना, १२.६ च्या आसपास हवं, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. दुसरं माप बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फवर बॅटरीची केबल लागते त्या जाड बोल्टापर्यंत. प्रोब क्लॅम्पवर नको, शिशाच्या खुंटावरच टेकवा, नाहीतर क्लॅम्प आणि खुंट यांच्यातला दोष सुटतो. फिरताना अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. तिसरं माप बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटापासून सेल्फच्या अंगापर्यंत, पाव व्होल्टच्या आत.

आमच्याकडे दुसरं माप ०.३ आलं. तिसरं आलं २.१.

दोन व्होल्ट अर्थिंगमध्येच जात होते. गाडीखाली शिरून पाहिलं तर गिअरबॉक्सवरून चासीवर येणारी वायर वरून अगदी धडधाकट. लग धरून ओढला तर प्लास्टिकच्या आत तांब्याच्या जागी हिरवट भुकटी, आणि तिच्यात सहा-सात तारा तेवढ्या तग धरून. चासीकडच्या बोल्टाखाली गंजाचे पापुद्रे. आमची गाडी पावसाळाभर शेताच्या रस्त्याने चिखलातून जाते, पाणी लगमधून वर चढत गेलं असणार. आणि मग एक जुनी गोष्ट आठवली. वर्षापूर्वी ॲक्सिलरेटरची केबल जड झाली म्हणून बदलली होती. इंजिनाला धड अर्थिंग मिळालं नाही की करंट मिळेल त्या वाटेने घरी जातो, ॲक्सिलरेटरच्या आणि क्लचच्या केबलमधूनही. तार तापते आणि आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं. केबल जड होणं आणि सेल्फ न उचलणं हे एकच दुखणं होतं, आणि मी त्याचे दोनदा वेगवेगळे पैसे भरले होते.

नवे भाग पुन्हा पुन्हा का जळत होते हेही इथेच कळलं. व्होल्टेज कमी पडलं की सोलेनॉइड चकतीला घट्ट दाबत नाही. चकती बोल्टांवर थरथरते, प्रत्येक थरथरीला ठिणगी पडते आणि तांबं जळतं. मोटर सावकाश फिरते, म्हणून आपण चावी जास्त वेळ धरून ठेवतो, म्हणजे कार्बन आणि कम्युटेटर तापतात. नवा सेल्फ टाकला असता तर तोही सहा महिन्यांत याच वाटेने गेला असता.

अर्थिंगची वायर दुकानातून तयार आणण्यापेक्षा जाड वेल्डिंग केबलचा तुकडा घेतलेला बरा. तारा बारीक आणि पुष्कळ असल्याने ती हादऱ्यांना टिकते. लग हातोडीने चेपू नका. केबलचे लग दाबायचं यंत्र ज्याच्याकडे असेल त्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून दाबून घ्या. चासीवरची जागा वायर ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळा, आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा. आधी लावून मग आवळू नका.

काढताना

बॅटरीचं निगेटिव्ह सगळ्यात आधी सोडा, दहाच्या पान्याने, आणि केबल लांब सारून ठेवा. सेल्फच्या जाड बोल्टावर बॅटरीचा करंट कायम असतो, मध्ये फ्यूज नसतो. तिथे पाना टेकून बॉडीला लागला तर तो वेल्डिंगसारखा चिकटतो. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा.

खाली शिरायचं असेल तर गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर). नुसत्या जॅकवर कधीही नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

सेल्फ बाहेर आला की उघडण्याआधी तिन्ही तुकड्यांवर, म्हणजे पुढचं नाक, मधलं पिंप आणि मागचं झाकण यांच्यावर खिळ्याने एक आडवी रेघ ओढा. जोडताना रेघा जुळल्या की काम बिनचूक. मागच्या झाकणाच्या छोट्या टोपीखाली एक क्लिप आणि बारीक वॉशर असतात. त्यांचा क्रम मोबाइलवर टिपून ठेवा. मी जुन्या ताटात वर्तमानपत्र अंथरून ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने मांडत गेलो.

आत काळी भुकटी भरलेली असते. ती कार्बनची आणि तांब्याची. फुंकर मारू नका, नाकातोंडावर रुमाल बांधा आणि ओल्या फडक्याने पुसा. आणि पेट्रोलच्या डब्यात सगळं बुडवायचा मोह टाळा. आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) आणि फील्ड कॉइल (पिंपातल्या स्थिर कॉइल) बुडवल्या तर वार्निश मऊ पडतं. बेंडिक्स बुडवला तर त्याच्या क्लचमध्ये कारखान्यातच भरलेलं ग्रीस धुऊन जातं आणि चांगला क्लच महिनाभरात घसरायला लागतो. त्यांना कोरडा ब्रश आणि फडकं पुरतं. रॉकेल फक्त बाहेरच्या ओतीव भागांना.

आत काय पाहायचं

कार्बन. नवा शेजारी धरून पाहा; तिसऱ्या हिश्शाहून जास्त झिजला असेल तर बदला. आमचे गॅरेजमध्ये टाकलेले कार्बन लांबीला ठीक होते, पण रंगाने कोळशासारखे काळे. सेल्फच्या कार्बनमध्ये तांबं मिसळलेलं असतं, त्याला तांबूस झाक असते, कारण त्यातून प्रचंड करंट जायचा असतो. काळा कार्बन अल्टरनेटरसारख्या कमी करंटच्या ठिकाणी चालतो. मापाला बसतो म्हणून कुणी तो सेल्फमध्ये घातला की सेल्फ तापतो आणि ताकद धरत नाही. कोल्हापुरात, पुण्याच्या नाना पेठेत, कुठेही घ्या, पण कार्बन हातात घेऊन उजेडात पाहून घ्या.

कार्बनची वेणी फील्ड कॉइलला डाग दिलेली असेल तर घरच्या पंचवीस वॅटच्या सोल्डरिंगने काम होत नाही. तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं. शंभर वॅटच्या वरचं लागतं. आणि डाग देताना वेणी कार्बनच्या बाजूने पकडीने धरून ठेवायची. नाहीतर पातळ झालेलं कथील वेणीतून वर चढतं, ती काडीसारखी ताठ होते, आणि कार्बन झिजेल तसा स्प्रिंगने खाली सरकायला हवा तो सरकत नाही. मी पहिला डाग असाच बिघडवला आणि तो कार्बन टाकावा लागला. हे काम वाइंडिंगवाल्याकडून करून घेतलं तरी कमीपणा नाही.

कार्बन आपल्या घरात बोटाने सहज वरखाली व्हायला हवा. सेल्फला हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर गाडी चालू होत असेल तर बहुधा तो घरात अडकतो आहे. ठोकण्याबद्दल एक सावधगिरी. फील्ड कॉइलऐवजी कायमचे चुंबक असलेले सेल्फ ठोकू नका, चुंबक तडकतात.

कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल. नुसता काळवंडलेला असेल तर चारशे नंबरच्या काचपेपरची पट्टी त्याभोवती गुंडाळून गोल फिरवत घासा. एमरी नको, तिचे कण तांब्यात रुततात. मग पट्ट्यांमधल्या फटी पाहा. त्यांतला अभ्रक तांब्यापेक्षा अर्धा मिलिमीटर तरी खाली हवा. वर आला असेल तर कार्बन त्याच्यावर उडत राहतो. तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घासून पातळ केला की फटी कोरायचं उत्तम हत्यार होतं. माझ्या आर्मेचरवर कार्बनने चर पाडले होते, म्हणून ते उद्यमनगरात लेथवर नेलं. तिथल्या मिस्त्रींनी ते उचलून कानाजवळ फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, “मालक, जळल्याचा वास न्हाई. चांगलं हाय की, कशाला टाकताय?” तांब्याचा केसाएवढा थर काढला आणि चर गेले. किती काढायचं याला मर्यादा असते, त्यामुळे दुसऱ्यांदा होईलच असं नाही.

लेथवर नेण्याआधी मीटर लावा. कुठल्याही पट्टीपासून शाफ्टपर्यंत बीप वाजता कामा नये. वाजला तर आतलं इन्सुलेशन गेलं. पट्टी ते पट्टी मात्र वाजायलाच हवा. आतल्या आत वेढे चिकटले असतील तर ते मीटरला कळत नाही. वाइंडिंगवाल्याकडच्या ग्रोलरवर (आर्मेचर तपासायच्या यंत्रावर) पातळ पत्ती थरथरली की कळतं.

सोलेनॉइडचा कॉन्टॅक्ट

ही या सगळ्यातली सर्वांत समाधानाची दुरुस्ती. सोलेनॉइडच्या मागे काळं बॅकेलाइटचं झाकण असतं. काहींत दोन स्क्रू सोडून आणि दोन बारीक तारांचे डाग गरम करून ते निघतं. काहींत कडा कायमच्या दाबलेल्या असतात; तिथे नाद सोडा. क्वालिससारख्या गाड्यांच्या डेन्सो सेल्फमध्ये तर तीन स्क्रूंत झाकण निघतं आणि तांब्याचे कॉन्टॅक्ट सुटे विकत मिळतात.

माझं निघालं. आत दोन जाड तांब्याचे बोल्ट, त्यांची डोकी आत. ज्या बाजूला चकती आपटते तिथे दोन्ही डोक्यांवर नखाच्या आकाराचे काळे खड्डे, आणि चकतीला गोल काळी कडी. पण बोल्टाच्या डोक्याची दुसरी बाजू कोरी करकरीत होती. नट सैल करून बोल्ट अर्धा फेरा फिरवला, कोरी बाजू आत आली. चकती उलटी घातली, तिची न वापरलेली बाजू वर. दोन्ही डोकी एका पातळीत आहेत हे पट्टी ठेवून पाहिलं, कारण एक जरी उंच राहिलं तर चकती एकाच बाजूला टेकते. डाग परत दिले आणि झाकणाच्या कडेला सिलिकॉनची बारीक रेघ ओढली. खर्च शून्य. याच सोलेनॉइडसकट अख्खा सेल्फ नवा घ्यायला सांगितलं होतं.

दांड्याला ग्रीस लावू नका. त्यावर क्लचची धूळ बसून चिखल होतो आणि दांडा परत येत नाही. कोरडा, स्वच्छ ठेवा. ग्रीस लागतं ते फक्त बेंडिक्स ज्या तिरप्या आट्यांवरून सरकतो तिथे, बोट पुसल्याएवढं.

बुश

शाफ्ट धरून हलवा. जाणवण्यासारखा हलत असेल तर बुश, म्हणजे शाफ्टला टोकांशी आधार देणाऱ्या नळ्या, गेले. बुश झिजला की आर्मेचर फिरताना आतल्या लोखंडाला घासतं, त्यावर चकाकणारे ओरखडे दिसतात, आणि सेल्फ जड फिरतो. बुश अगदी स्वस्त वस्तू आहे, पण यासाठीच सर्वांत जास्त सेल्फ भंगारात जात असावेत असं मला वाटतं.

मागच्या झाकणातला बुश अंध खोबणीत असतो, पलीकडून ठोकता येत नाही. बुशच्या भोकात ग्रीस ठासून भरायचं, शाफ्टच्या मापाचा गुळगुळीत रॉड त्यात घालायचा आणि हातोडी मारायची. ग्रीसला जायला जागा नसते, ते बुशच्या मागे शिरून त्यालाच वर ढकलतं. चार-पाच ठोक्यांत बाहेर.

नवा बुश सच्छिद्र ब्राँझचा असतो. तो बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवा, म्हणजे तेल त्याच्या अंगात मुरतं. मग व्हाइसमध्ये हळूहळू दाबून बसवा, हातोडीने नको. चेपला की शाफ्ट आत जात नाही.

टेबलावर फिरवून पाहा

गाडीत चढवण्याआधी सेल्फ व्हाइसमध्ये पक्का आवळा. सुरू होताना तो हातातून उडी मारतो. जंपर केबलने बॅटरीचं निगेटिव्ह अंगाला, पॉझिटिव्ह जाड बोल्टाला, आणि मग एक बारीक वायर पॉझिटिव्हवरून चावीच्या टर्मिनलला टेकवा. पिनियन आधी पुढे यायला हवं आणि लगेच फिरायला हवं, आवाज एकसारखा, आणि वायर काढताच झटक्यात मागे. तीन-चार सेकंद पुरे.

रस्त्यावर अडकलं की काही लोक स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडतात. कृपा करून करू नका. ठिणगीने हात भाजतो, आणि गिअरमध्ये राहिलेली गाडी समोर वाकलेल्या माणसावर येते.

एवढं करूनही गरम इंजिनाला त्रास होत असेल तर

तांबं तापलं की त्याचा अडथळा वाढतो, पन्नास अंश वाढले की साधारण पाचव्या हिश्शाने. इंजिनाच्या उष्णतेत बसलेल्या सोलेनॉइडची ओढ त्याने कमी होते. थंड असताना जेमतेम पुरणारं व्होल्टेज मग पुरत नाही. चावी मारलेली असताना सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर आणि त्याच वेळी बॅटरीवर माप घ्या. दोन्हींत एक-दीड व्होल्टहून जास्त फरक असेल तर चावीचा जुना स्विच आणि डॅशबोर्डमधून फिरून आलेली वायर करंट खात आहेत.

याला उपाय एक साधा चार पायांचा रिले. बॅटरीकडून फ्यूज लावून एक जाड वायर रिलेच्या ३० ला, ८७ वरून सोलेनॉइडच्या टर्मिनलला. चावीकडून आलेली जुनी वायर आता सोलेनॉइडऐवजी ८६ ला, आणि ८५ बॉडीला. स्विचला आता फक्त रिले उचलायचा असतो, सोलेनॉइडला बॅटरीकडून थेट मिळतं. रिले इंजिनापासून दूर, तोंड खाली करून लावा म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही.

दुरुस्ती कुठे थांबवायची

आर्मेचर शाफ्टला शॉर्ट असेल, जळका वास असेल, कम्युटेटरच्या पट्ट्या वर उचलल्या असतील, किंवा नाकाचा बोल्टाचा कान तुटला असेल, तर जुन्यात पैसे घालू नका. बेंडिक्स घसरत असेल तर तो उघडायचा नाही, पण तो एकटा मिळतो, त्यासाठी अख्खा सेल्फ नको.

अल्टरनेटर आणि वायपरची मोटर यांनाही बहुतांशी हेच लागू. तिथेही कार्बन, बेअरिंग, सुकलेलं ग्रीस. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत मात्र मी हे सांगणार नाही. सेल्फ फसला तर गाडी जागेवर उभी राहते. ब्रेकचा होज, खरचटलेला मास्टर सिलिंडर, झिजलेला बॉल जॉइंट हे नवेच टाका, आणि चांगल्या ठिकाणचे टाका.

कार्बन, दोन बुश, केबल आणि लग, रिले, लेथची मजुरी धरून माझा खर्च हजार रुपयांच्या आत राहिला. जोडणी झाल्यावर तीच तीन मापं पुन्हा घेतली. बॅटरी फिरताना १०.६, पॉझिटिव्हची बाजू ०.२, आणि जिथे २.१ व्होल्ट जात होते तिथे ०.१. भाच्याने पंपाचा फ्यूज परत घातला आणि अर्ध्या फेऱ्यात गाडी चालू झाली. त्यानंतर एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा गेला आहे. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, मी अर्थिंगचे दोन्ही बोल्ट सोडून घासतो, आवळतो, व्हॅसलीन लावतो आणि तिसरं माप घेऊन डिकीच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिहितो. यंदाचं ०.१ च आहे.